मॅग्नेशियम मिश्रधातूचे ग्रेन बारीक करणे आणि बारीक ठेवणे: सुपरप्लास्टिसिटीसाठी ओतकामापासून चाचणीपर्यंत

एझेड३१ या मॅग्नेशियम मिश्रधातूची पट्टी खोलीच्या तापमानाला वाकवायला घेतली की थोड्याच वाकात ती तडकते. दुसरीकडे, रोबेर्तो फिगेरेदो आणि टेरेन्स लँगडन यांनी २००८ मध्ये झेडके६० या मिश्रधातूचा नमुना २०० अंश सेल्सिअसला ३०५० टक्के ताणून दाखवला, म्हणजे मूळ लांबीच्या तीसपटीहून जास्त. या दोन टोकांमधले अंतर तापमान आणि ग्रेनचा (धातू ज्या लहान स्फटिकांचा बनलेला असतो त्यांचा) आकार या गोष्टी मिळून मुख्यतः कापतात. ग्रेन बारीक कसे करायचे, यावर लिहिलेले भरपूर सापडते. ते ताणण्याच्या तापमानाला बारीक कसे टिकवायचे, याकडे मात्र दुर्लक्ष होते आणि महिनोन्महिन्यांची मेहनत तिथेच वाया जाते. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी मी त्या शेवटच्या तापमानावरून उलट मागे येत ठरवली आहे. तुम्हीही तसेच करा.

आधी कागदावर: तापमान, वेग, वेळ

सुपरप्लास्टिसिटी म्हणजे न तुटता कितीतरी पट ताणले जाण्याची क्षमता. नमुना किमान ४०० टक्के ताणला जावा आणि स्ट्रेन रेट सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ‘एम’ (स्ट्रेन रेट, म्हणजे विकृतीचा वेग, वाढला की धातूचा विरोध किती वाढतो त्याचे माप), ०.५ च्या आसपास असावा, ही तिची आजची मान्य कसोटी. ‘एम’ जास्त असला की जिथे नमुना थोडा बारीक होऊ लागतो तिथला स्ट्रेन रेट वाढतो, त्याबरोबर तिथला विरोधही वाढतो आणि ताणले जाणे शेजारच्या भागाकडे सरकते. त्यामुळे एकाच जागी मान (बारीक गळा) पडत नाही.

हे घडवून आणणारी क्रिया म्हणजे ग्रेन एकमेकांवरून घसरणे. या घसरण्याचा दर ग्रेनच्या व्यासाच्या वर्गाच्या किंवा घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. अणू ग्रेनच्या आतून वाट काढत असतील तर वर्ग, ग्रेन बाउंड्रीतून (दोन ग्रेनमधल्या सीमेतून) काढत असतील तर घन. सुपरप्लास्टिसिटीचे सगळे अर्थकारण या एका नात्यात आहे. ग्रेन १० मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) १ मायक्रॉनवर आणला तर तेवढ्याच ताणाला (स्ट्रेसला) विकृतीचा वेग शंभरपट ते हजारपट होतो. वेग तोच ठेवायचा असेल, तर तापमान बरेच खाली आणता येते.

मॅग्नेशियमला याची गरज इतर धातूंपेक्षा जास्त भासते. त्याची स्फटिकरचना षट्कोनी, सी/ए गुणोत्तर १.६२४. खोलीच्या तापमानाला सहज चालू होते ती फक्त बेसल प्रतलावरची स्लिप (षट्कोनी पायाला समांतर असलेल्या अणूंच्या थरांचे एकमेकांवरून सरकणे), आणि तेवढ्यावर कोणताही आकार घेता येत नाही. इतर प्रतले साधारण २२५ अंशांच्या वर हातभार लावू लागतात. ग्रेन बाउंड्रीतून अणू सरकायला मात्र मॅग्नेशियम तयारच असते. त्यासाठीची सक्रियण ऊर्जा मोलला सुमारे ९२ किलोज्यूल, तर ग्रेनच्या आतून सरकण्यासाठी १३५. वितळणबिंदू ६५० अंश सेल्सिअस म्हणजे ९२३ केल्विन. त्याचा अर्धा ४६१ केल्विन, म्हणजे जवळपास १९० अंश सेल्सिअस. ताणताना व्यवहारात याच्या खाली जाऊ नये.

आता वेळेचा हिशेब. ४०० टक्के ताणणे म्हणजे खरा स्ट्रेन (लांबी जितकी पट झाली त्याचा नैसर्गिक लॉग) १.६१. खरा स्ट्रेन रेट सेकंदाला ०.०१ असा स्थिर ठेवला तर पावणेतीन मिनिटांच्या आत काम होते. ०.००१ ला २७ मिनिटे, ०.०००१ ला साडेचार तास. वरच्या ३०५० टक्क्यांचा सुरुवातीचा स्ट्रेन रेट सेकंदाला ०.०००१ होता. चाचणी यंत्राचा वेग स्थिर धरला तर तेवढे ताणायला सुमारे ८५ तास लागतात. इतका वेळ २०० अंशांना तग धरणारा ग्रेनच तुम्हाला हवा असतो. तापमान, वेग आणि वेळ हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढचा प्रत्येक निर्णय त्यांना विचारून घ्यायचा आहे.

ढोबळ अंदाज असा: ३५० ते ४५० अंशांना गॅसच्या दाबाने पत्रा फुगवायचा असेल तर ५ ते १० मायक्रॉनचे ग्रेन पुरतात आणि साध्या एक्स्ट्रूजनवर (लहान भोकाच्या साच्यातून दाबून काढणे) किंवा रोलिंगवर भागते. २०० ते २५० अंशांत काम करायचे असेल तर ग्रेन १ मायक्रॉनच्या आसपास लागतात आणि मग जबर विकृती देणाऱ्या प्रक्रियांना पर्याय राहत नाही.

मिश्रधातूची निवड

एझेड३१ (३ टक्के ॲल्युमिनियम, १ टक्का जस्त) स्वस्त, सहज मिळणारा आणि घडवायला सोपा. पण त्यात ग्रेन बाउंड्रीला अडवून धरणारे कण फार थोडे. ३०० अंशांच्या वर ग्रेन वाढू लागतात आणि एकदा वाढू लागले की वेगाने वाढतात.

एझेड९१ मध्ये ९ टक्के ॲल्युमिनियम असल्याने मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचा बीटा टप्पा (एमजी१७एएल१२) तयार होतो. २०० ते २५० अंशांना हे कण ग्रेन बाउंड्रीला चांगले रोखतात. तापमान ३५० च्या पुढे नेले की तेच कण झपाट्याने विरघळतात आणि पहारा उठतो. म्हणून एझेड९१ कमी तापमानासाठी घ्यावा. उंच तापमानाला तो वापरून त्याच्याकडून स्थिरतेची अपेक्षा करू नये.

झेडके६० (सुमारे ६ टक्के जस्त, अर्धा टक्का झिरकोनियम) ही माझी पहिली शिफारस. झिरकोनियममुळे ओतीव ग्रेनच मुळात बारीक मिळतात, मॅग्नेशियम-जस्ताचे सूक्ष्म कण पुढे बाउंड्री रोखतात आणि घडवण्याची क्षमताही चांगली आहे. डब्ल्यूई४३सारखे यिट्रियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये असलेले मिश्रधातू उंच तापमानाला जास्त टिकतात, पण दाबायला कठीण आणि महाग. पहिल्याच प्रयोगाला ते घेऊ नका.

किती कण पुरेसे, याचा अंदाज झेनर यांच्या सूत्रातून येतो. ग्रेनची त्रिज्या जिथे अडते ती म्हणजे: कणाची त्रिज्या गुणिले ४, भागिले कणांच्या आकारमानाच्या अंशाची तिप्पट. ०.१ मायक्रॉन त्रिज्येचे कण ५ टक्के असतील तर ग्रेनची त्रिज्या सुमारे २.७ मायक्रॉनवर अडते. कण निम्म्या आकाराचे केले तर हा आकडाही निम्म्यावर येतो. म्हणजे कणांचे प्रमाण वाढवता येत नसेल तर ते बारीक करणे हा तितकाच खरा मार्ग आहे.

ओतकाम

ॲल्युमिनियम नसलेल्या मिश्रधातूत झिरकोनियम घालावे. त्याची षट्कोनी जाळी मॅग्नेशियमच्या जाळीशी इतकी जुळते की घन होताना त्याचे कण ग्रेनची केंद्रके बनतात. वितळलेल्या मॅग्नेशियममध्ये झिरकोनियम जेमतेम ०.६ टक्के विरघळते आणि न विरघळलेले जड कण तळाशी बसतात. म्हणून मास्टर ॲलॉय (झिरकोनियम जास्त असलेला, वितळीत मिसळायचा मिश्रधातू) घातल्यावर नीट ढवळा आणि ओतायला फार उशीर करू नका. ॲल्युमिनियम, मँगनीज, सिलिकॉन आणि लोखंड झिरकोनियमला खाऊन टाकतात. त्यामुळे एझेड मालिकेत झिरकोनियम घालणे निरर्थक, आणि लोखंडी मुशीत वितळणधातू अवाजवी तापवणेही घातक. एझेड मालिकेसाठी कार्बन देण्याच्या पद्धती आहेत. त्यातली हेक्झाक्लोरोइथेनची जुनी पद्धत विषारी धूर सोडते, ती टाळावी.

वितळलेले मॅग्नेशियम उघड्या हवेत पेट घेते, संरक्षक वायू अनिवार्य. बरीच वर्षे वापरात असलेला सल्फर हेक्झाफ्लोराइड हा कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत २० हजारपटींहून प्रबळ हरितगृह वायू आहे. पर्यायी वायूंची सोय होत असेल तर ती आधी करा.

एकजीव करणे

ओतीव धातूत डेंड्राइटच्या (फांद्यांसारख्या वाढलेल्या स्फटिकांच्या) फटींमध्ये कमी तापमानाला वितळणारा भाग साचलेला असतो. तो तसाच ठेवून थेट उंच तापमान दिले तर आतल्या आत वितळून पोकळ्या पडतात आणि नंतर साच्यातून दाबून काढण्याच्या फेऱ्या, म्हणजे पास, कितीही दिले तरी त्या भरून येतीलच असे नाही. मॅग्नेशियम-जस्ताचा युटेक्टिक (त्यांचे सर्वांत कमी तापमानाला वितळणारे मिश्रण) ३४० अंशांना वितळतो. म्हणून झेडके६० आधी ३३० च्या आसपास काही तास ठेवावा, मग ४०० कडे न्यावा. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचा युटेक्टिक ४३७ ला, पण जस्तामुळे तो आणखी खाली येतो. एझेड९१ला ३८० पर्यंत सावकाश चढवून तिथे थांबवावे, मग ४१३ ते ४१५ ला १६ ते २४ तास. एझेड३१ला ४०० अंशांना १० ते १२ तास पुरतात.

एक्स्ट्रूजन: ही पायरी गाळू नका

ओतीव सळई थेट ईकॅपच्या (वळणाऱ्या वाहिनीतून दाबून काढण्याच्या, पुढच्या पायरीच्या) साच्यात घातली तर दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ती फुटते, नाहीतर मोठे आणि बारीक ग्रेन शेजारीशेजारी राहतात. झेंजी होरिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ टक्के ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर आधी एक्स्ट्रूजन आणि मग ईकॅप हा क्रम वापरला तेव्हा ग्रेन सुमारे ०.७ मायक्रॉनपर्यंत आले आणि २०० अंशांना ८०० टक्क्यांहून जास्त ताण मिळाला. नुसत्या ओतीव अवस्थेतून तो मिळत नव्हता.

एक्स्ट्रूजनचे प्रमाण २०:१ घेतले तर खरा स्ट्रेन ३ मिळतो. नवे ग्रेन किती बारीक होतील हे झेनर-होलोमन राशी ठरवते. ती तापमान आणि स्ट्रेन रेट यांचा एकत्र परिणाम एका आकड्यात सांगते: आकडा मोठा, ग्रेन बारीक. सक्रियण ऊर्जा १३५ किलोज्यूल धरली तर ३०० वरून २५० अंशांवर उतरताच ही राशी सुमारे १५ पट होते. वेग वाढवूनही ती वाढते, पण वेगाबरोबर घर्षणाची आणि विकृतीची उष्णता बिलेटचे (दाबल्या जाणाऱ्या ठोकळ्याचे) तापमान चढवते आणि मिळवलेले परत जाते. माझा सल्ला, तापमान कमी आणि वेगही कमी. यंत्राची ताकद जिथवर साथ देईल तिथवर तापमान खाली आणा आणि साच्यातून बाहेर येणारी सळई लगेच पाण्याने थंड करा. बाहेर आलेली गरम सळई तशीच सोडली तर काही सेकंदांतच ग्रेन वाढायला लागतात.

ईकॅप: कामाचा गाभा

सारख्याच छेदाच्या पण मध्येच वळणाऱ्या वाहिनीतून सळई दाबून काढायची, हे ईकॅपचे तत्त्व. व्लादिमीर सेगल आणि सहकाऱ्यांनी ते १९७० च्या दशकात मिन्स्कमध्ये विकसित केले. सळईचा छेद बदलत नसल्याने ती पुन्हा पुन्हा दाबता येते. वाहिनीचा कोन ९० अंश असेल तर दर पासला स्ट्रेन साधारण १ मिळतो. दोन पासांच्या मध्ये सळई एकाच दिशेने ९० अंश फिरवायची, याला बीसी मार्ग म्हणतात. सगळीकडे सारखे ग्रेन मिळवण्यासाठी तोच सोयीचा.

ॲल्युमिनियमच्या अनुभवावरून इथे अंदाज बांधू नका. ॲल्युमिनियममध्ये ग्रेन आतून उपग्रेनमध्ये तुटत जातात. मॅग्नेशियममध्ये नवे ग्रेन जुन्या ग्रेनच्या सीमेवर माळेसारखे उगवतात. जुना ग्रेन लहान असेल तर ही माळ त्याला एकाच पासात पूर्ण व्यापते. मोठा असेल तर मधला गाभा तसाच उरतो आणि पुढच्या पासांमध्ये तो हळूहळू खाल्ला जातो. हा गाभा राहिलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली सरासरी काढली तर बरा दिसतो, पण ताणताना मोठे ग्रेन घसरत नाहीत आणि त्यांच्या कडेला पोकळ्या सुरू होतात. ईकॅपचे यश सळई साच्यात शिरण्यापूर्वीच बरेचसे ठरलेले असते, असे मी म्हणतो ते यासाठी.

तापमान सुरुवातीला २५० ठेवून दर दोन पासांनी २० ते ३० अंश उतरवा. पहिल्या पासांनी ग्रेन बारीक झाले की धातू कमी तापमानालाही घडू लागतो, आणि कमी तापमानाला उगवणारे ग्रेन आणखी बारीक असतात. प्लंजरचा वेग कमी ठेवा. सळई साच्यात तापायला ५ ते १० मिनिटे द्या, जास्त नको, कारण थांबण्याचे प्रत्येक मिनिट ग्रेन वाढवते. वंगण म्हणून मॉलिब्डेनम डायसल्फाइड चांगले. ग्राफाइट वापरलेच तर नंतर पूर्ण धुऊन काढा, त्याचा अंश राहिला तर मॅग्नेशियम तिथेच गंजते.

सळईच्या वरच्या बाजूला ठरावीक अंतराने तिरप्या भेगा दिसल्या तर धातू एकसारखा वाहत नाही, कातर एकाच पट्ट्यात गोळा होतेय. तापमान १५-२० अंश वाढवून पाहा, वेग निम्मा करा. तरीही भेगा राहिल्या तर ११० किंवा १३५ अंश कोनाचा साचा घ्या. दर पासला स्ट्रेन कमी मिळेल, पण सळई अखंड राहील. पुढून प्रतिदाब देण्याची सोय असेल तर तो सर्वांत खात्रीचा इलाज.

किती पास? सवयीने सगळे आठ करतात. वरचा ३०५० टक्क्यांचा नमुना दोनच पासांचा होता. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या पासानंतर एकेक तुकडा कापून पाहा. ग्रेन एकसारखे झाले असतील तर थांबा.

ईकॅपनंतर बेसल प्रतले सळईच्या अक्षाशी तिरपी होतात आणि ग्रेन बारीक होऊनही खोलीच्या तापमानाची ताकद कधीकधी घटलेली दिसते. ताकदीवरून ग्रेनचा अंदाज बांधणे इथे चुकते.

पत्रा हवा असेल तर, आणि एचपीटीबद्दल थोडेसे

पत्र्यासाठी फ्रिक्शन स्टर प्रोसेसिंग सोयीचे: फिरता टूल धातूला वितळू न देता घुसळतो आणि मागे काही मायक्रॉनचे ग्रेन राहतात. फिरण्याचा वेग कमी, पुढे सरकण्याचा जास्त आणि खालून थंड केलेली पाटी, असे ठेवले की ग्रेन आणखी बारीक होतात. घुसळलेल्या भागाच्या कडेला रचना अचानक बदलते, चाचणीचा नमुना पूर्णपणे आतून कापा. वरच्या आणि खालच्या रोलरचा वेग वेगळा ठेवून केलेले रोलिंग बेसल टेक्स्चर (ग्रेनची बेसल प्रतले एकाच दिशेला वळलेली असणे) मवाळ करते, तेही उपयोगी.

हाय प्रेशर टॉर्शनमध्ये (एचपीटी) १० मिलिमीटर व्यासाची चकती काही गिगापास्कल दाबाखाली पिळतात. ०.८ मिलिमीटर जाडीच्या चकतीला पाच फेऱ्यांत कडेला स्ट्रेन शंभराच्या वर जातो, केंद्राशी सूत्राने शून्य. अभ्यासाला उत्तम, भाग बनवायला नाही.

ग्रेन मोजणे

कापताना आणि घासताना मॅग्नेशियममध्ये ट्विन (ग्रेनच्या आत आरशातल्या प्रतिमेसारखे उलटलेले पट्टे) सहज पडतात आणि ते खरे ग्रेन समजून मोजले जातात. मंद कापा, शेवटचे पॉलिशिंग पाण्याऐवजी इथेनॉलमध्ये करा. एचिंगसाठी पिक्रिक आम्ल, ॲसेटिक आम्ल, पाणी आणि इथेनॉलचे मिश्रण चालते. पिक्रिक आम्ल कोरडे पडले तर स्फोटक असते, ते कायम ओले ठेवा आणि बाटलीच्या आट्यांमध्ये सुकू देऊ नका. २ मायक्रॉनच्या खाली प्रकाशीय सूक्ष्मदर्शक पुरत नाही, ईबीएसडी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून प्रत्येक ग्रेनची दिशा टिपण्याची पद्धत) लागते. रेषाछेदाची (रेषा ओढून तिने छेदलेल्या ग्रेनच्या लांबीची) सरासरी काढली असेल तर तसे लिहा. त्रिमितीय व्यासासाठी ती १.७४ ने गुणतात, आणि हा गुणक लावला की नाही हे न सांगितल्यामुळे दोन कामांची तुलना फसते. सरासरीसोबत सर्वांत मोठे ग्रेनही नोंदवा.

भुशाबद्दल: मॅग्नेशियमचा बारीक कीस पेटला तर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड कधीही मारू नका. पाण्याने हायड्रोजन सुटतो. डी वर्गाची पावडर किंवा कोरडी वाळू हाताशी ठेवा आणि कीस रोजच्या रोज उचला.

टिकाऊपणाची परीक्षा, मग ताण

ताणचाचणीआधी नुसते तापवून पाहा. पहिल्या पानावरचे तापमान आणि वेळ घ्या, त्यात भट्टी तापण्याचा वेळ मिळवा आणि एक तुकडा कोणताही भार न देता तेवढाच ठेवून ग्रेन मोजा. ते दुपटीहून जास्त वाढले असतील तर ताणचाचणीचा निकाल तुम्हाला आताच कळला. भाराखाली ग्रेन याहूनही जास्त वाढतात. अशा वेळी तापमान उतरवा, वेग वाढवून वेळ कमी करा किंवा जास्त कण असलेल्या मिश्रधातूकडे वळा. आणखी पास देऊन हे सुटत नाही.

ताणचाचणीसाठी पत्र्याचे मानक एएसटीएम ई२४४८ आहे. नमुना पकडीतून आत वाहून येऊ नये म्हणून खांद्यावर टेकणाऱ्या पकडी घ्या, नाहीतर टक्केवारी फुगते. संपूर्ण लांबीत तापमानाचा फरक दोन-तीन अंशांत राखा. ‘एम’ काढायला एकाच नमुन्यावर ठरावीक अंतराने वेग थोडा वाढवत आणि उतरवत जा आणि ताणाच्या लॉगचा स्ट्रेन रेटच्या लॉगशी उतार घ्या.

तुटलेला नमुना खूप बोलतो. टोकदार मान पडली असेल तर ‘एम’ कमी, म्हणजे वेग जास्त किंवा ग्रेन मोठे. ‘एम’ ०.३ च्या आसपास येऊन २०० टक्के ताण मिळाला तर ते डिसलोकेशनना (स्फटिकातल्या सरकणाऱ्या रेषीय दोषांना) विरघळलेले अणू मागे ओढत असल्यामुळे, ग्रेन घसरल्यामुळे नव्हे. मोठ्या ग्रेनच्या एझेड३१मध्येही असा ताण मिळतो. ताणता ताणता बल अपेक्षेपेक्षा चढत गेले तर ग्रेन वाटेत वाढले. मान न पडता नमुना अचानक तुटला तर तुटलेल्या टोकाजवळ लांबीच्या दिशेने छेद घेऊन पोकळ्या शोधा. त्या मोठ्या ग्रेनच्या किंवा जाड कणांच्या कडेला सापडल्या तर दोष एकजीव करण्याच्या किंवा एक्स्ट्रूजनच्या पायरीत आहे, आणि परत जायचे ते तिथवर. पोकळ्या सगळीकडे विखुरलेल्या असतील तर पत्रा घडवताना मागून आर्गॉनचा प्रतिदाब द्या. हा दाब पत्र्याच्या त्या तापमानाच्या प्रवाही ताणाच्या निम्म्याच्या आसपास ठेवून सुरुवात करा आणि छेद घेऊन पोकळ्या किती घटल्या ते पाहत पुढे वाढवा.